परदेशातल्या ड्रिफ्टिंग स्पर्धेत उतरायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

ड्रिफ्टिंगच्या स्पर्धेत घड्याळ लावलेलं नसतं. गाडी किती कोनात आडवी राहिली, परीक्षकांनी आखून दिलेल्या रेषेवरून किती नेमकी गेली आणि ड्रायव्हरने ती किती बेधडक वळणात फेकली, याचे गुण मिळतात. त्यामुळे रॅली किंवा सर्किट रेसिंग केलेल्यांनाही इथे पहिल्यांदा बरंच काही नवं वाटतं. मी या सगळ्यातून गेलो आहे आणि दर महिन्याला कुणी ना कुणी तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदा नीट क्रमाने लिहून ठेवतो.

आपल्याकडून निघणारे बहुतेक जण सुरुवात गाडीपासून करतात. सगळी बचत गॅरेजमध्ये ओततात, आणि अर्ज भरायची वेळ आली की कळतं, ही गाडी त्या स्पर्धेच्या नियमात बसतच नाही. माझं मत पक्कं आहे: पहिल्या एक-दोन हंगामांत स्वतःची गाडी नकोच. परदेशात जाऊन तिथलीच तयार गाडी भाड्याने घ्या आणि वाचलेला पैसा टायर आणि सरावात घाला. पुढचं सगळं याच धोरणाने लिहिलं आहे.

१. आधी स्पर्धा निवडा

या खेळाचं माहेर जपान. तिथल्या घाटरस्त्यांवरचं हे वेड रेसिंग ड्रायव्हर केइची त्सुचिया यांच्यामुळे लोकांसमोर आलं आणि २००० साली डी१ ग्रां प्री ही पहिली मोठी व्यावसायिक मालिका फुकुशिमातल्या एबिसू सर्किटवर सुरू झाली. अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्टचा पहिला हंगाम २००४ चा. तिची जपानी शाखाही आहे. युरोपात ड्रिफ्ट मास्टर्स सगळ्यांत मोठी. लॅटव्हियात रिगा शहरातला बिकेर्निएकी ट्रॅक, आयर्लंडमधलं माँडेलो पार्क आणि वॉर्सातलं फुटबॉलचं राष्ट्रीय स्टेडियम ही तिची गाजलेली ठिकाणं.

यांतल्या वरच्या वर्गात थेट प्रवेश मिळत नाही. अमेरिकेत खालच्या प्रो-अ‍ॅम स्पर्धांतून लायसन्स कमवावं लागतं. ड्रिफ्ट मास्टर्समध्ये आयोजक ड्रायव्हरची आधीची कामगिरी पाहून जागा देतात, काही जागा वाइल्डकार्डने भरतात. नव्या माणसाने खालचे वर्ग, स्थानिक मालिकांच्या परदेशी ड्रायव्हरांसाठी खुल्या असलेल्या फेऱ्या आणि सरावाचे मोठे मेळावे शोधावेत. एबिसूचे ड्रिफ्ट मात्सुरी त्यासाठी उत्तम. तिथे स्पर्धा नसते, पण एकाच डोंगरावर वेगवेगळे छोटे ट्रॅक असतात आणि दिवसभर मनसोक्त गाडी चालवायला मिळते.

निवड करताना एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. स्टीअरिंग कुठल्या बाजूला आहे ते पाहा. आपण उजव्या बाजूला बसतो, गिअर आणि हँडब्रेक डाव्या हाताने चालवतो. ड्रिफ्टिंगमध्ये हँडब्रेकची काठी पकडणं, ओढणं, सोडून पुन्हा स्टीअरिंग धरणं हे अर्ध्या सेकंदाचं काम असतं आणि ते विचार न करता व्हावं लागतं. लॅटव्हिया किंवा पोलंडमध्ये भाड्याची बीएमडब्ल्यू मिळाली तर ती बहुतेक डाव्या स्टीअरिंगची असते. मग उजवा हात काठी शोधतो, डावा हात स्टीअरिंगवर एकटा पडतो, आणि घाईत तिसऱ्यावरून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडण्याची भीती वाढते. जपान, थायलंड, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच उजव्या स्टीअरिंगच्या. पहिली स्पर्धा यांपैकी कुठेतरी करा.

२. नियमावली छापून घ्या

मोबाइलवर चाळून भागत नाही. छापा, पेन घेऊन बसा आणि चार गोष्टींखाली रेघ मारा: टायरचे मंजूर ब्रँड आणि रुंदी, सुरक्षा सामानाचे मानक क्रमांक, कोणत्या चुकीला शून्य गुण, आणि तांत्रिक वेळ मागण्याचा नियम. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये बॅटलच्या (दोन गाड्यांच्या जोडीने होणाऱ्या लढतीच्या) वेळी गाडी बिघडली तर दुरुस्तीला पाच मिनिटांची मुभा मिळते, पण ती मागण्याची पद्धत ठरलेली असते. पद्धत माहीत नसेल तर वेळही हातची जाते.

गुण कसे देतात तेही इथेच कळतं. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये रेषा, कोन आणि शैली यांचे परीक्षक वेगळे, बेरीज १०० ची. डी१ मध्ये मात्र गाडीत बसवलेल्या उपकरणांवरून वेग आणि कोन मोजणारी यंत्रणा गुण काढते. तिचं नाव डॉस. यंत्राला झटक्यात टाकलेली, न डगमगता धरून ठेवलेली गाडी आवडते. माणसांच्या पॅनेलसमोर वळणावळणातली सलगता जास्त दिसते. सराव कशासाठी करायचा हे यावर ठरतं.

३. इथे असताना हात बसवा

रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्यासाठी आहे, १८९ सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतींसाठी. कायदा बाजूला ठेवला तरी रात्रीच्या रिकाम्या वाटणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी चालत असतंच. जे असं करतात त्यांच्याबरोबर गाडीत बसू नका.

मालकाच्या लेखी परवानगीने बंदिस्त काँक्रीटचं आवार मिळवा. आपला पावसाळा यासाठी वरदान आहे. ओल्या काँक्रीटवर कमी ताकदीची मागच्या चाकांची गाडीही सहज घसरते, वेग कमी राहतो आणि टायर टिकतात. एखादी जुनी थ्री सिरीज बीएमडब्ल्यू या कामाला पुरते. तीही नसेल तर मारुती ईको मागच्या चाकांवर चालते. तिच्यात ड्रिफ्टिंग शिकायला जाऊ नका, ती उंच आहे आणि उलटेल. पण मागची चाकं सुटायला लागल्यावर पाठीला काय जाणवतं, एवढं ओळखायला हळू वेगात चालेल.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी जमिनीवर ठेवलेल्या एका शंकूभोवती (ट्रॅफिक कोन) अखंड गोल, दोन्ही दिशांनी. मग दोन शंकूंभोवती इंग्रजी आठचा आकडा, कारण खरी परीक्षा दिशा बदलताना होते. त्यानंतर सरळ येऊन वळणात गाडी टाकणं: हँडब्रेकने, क्लचला लाथ मारून आणि वजन एका बाजूला झुलवून. क्लचची लाथ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवून क्लच क्षणभर दाबून सोडणं. इंजिनचे वाढलेले फेरे एकदम चाकांवर येतात आणि मागची पकड सुटते. स्टीअरिंग सैल सोडून स्वतः फिरू द्यायचं आणि हव्या त्या जागी पकडायचं, हे सगळ्यात उशिरा जमतं. दोन्ही हातांनी आवळून धरण्याची सवय असेल तर ती इथेच मोडा.

घरी स्टीअरिंग, तीन पेडल आणि हँडब्रेक असलेला सिम्युलेटर लावता आला तर जरूर लावा. असेटो कोर्सा या खेळात बऱ्याच खऱ्या ट्रॅकच्या प्रती मिळतात. पाठीला जाणवणारा भाग त्यात नसतो, पण रेषा पाठ होते आणि दुसऱ्या गाडीच्या मागे चिकटून राहण्याची नजर तयार होते. बॅटलसाठी भारतात जोडीदार मिळणं कठीण. तिथे सिम्युलेटर फार उपयोगी पडतो.

४. लायसन्स आणि एनओसी

भारतात मोटर स्पोर्टचं लायसन्स फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, देते. आयोजकांना आधी विचारा: स्पर्धा राष्ट्रीय पातळीची आहे की आंतरराष्ट्रीय कॅलेंडरवरची, आणि परदेशी ड्रायव्हरकडून नेमक्या कोणत्या दर्जाचं लायसन्स हवं. उत्तर ईमेलवर लेखी घ्या आणि तेच फेडरेशनला अर्जासोबत जोडा.

लायसन्स हातात आलं म्हणजे झालं, असं समजणारे इथे अडकतात. परदेशात स्पर्धा करायला आपल्या देशाच्या फेडरेशनची संमती वेगळी लागते. आपल्याकडे तिला एनओसी म्हणतात, आयोजक तिला स्टार्ट परमिशन म्हणतील. त्यासाठी स्पर्धेचं नाव, तारखा आणि आयोजकांचं पत्र लागतं. डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्रही याच वेळी करून घ्या. रक्तगट त्यावर स्पष्ट लिहिलेला हवा.

५. अंगावरचं सामान स्वतःचंच घ्या

गाडी भाड्याची चालेल, हेल्मेट नाही. मोटरसायकलचं हेल्मेट कितीही महाग असलं तरी चालत नाही. कार रेसिंगसाठीचं, एफआयए ८८५९-२०१५ किंवा स्नेल एसए २०२० अशा मानकाचं लागतं. मानेचा आधार, ज्याला सगळे हॅन्स म्हणतात, तो एफआयए ८८५८ मानकाचा. त्याचे पट्टे अडकवायचे खिळे हेल्मेटवर कंपनीनेच बसवलेले घ्या. घरी ड्रिल मारून बसवलेले खिळे तपासनीस लगेच ओळखतात आणि हेल्मेट बाद करतात. आगप्रतिबंधक सूट एफआयए ८८५६ मानकाचा, सोबत मोजे, हातमोजे, बूट, डोक्यावरची बालाक्लाव्हा आणि आतले कपडे. नायलॉनचा टी-शर्ट आत घालू नका, तो उष्णतेने कातडीला चिकटतो.

हेल्मेट आणि हॅन्स विमानात हातातल्या सामानात ठेवा. बाकी बॅग उशिरा आली तर सूट कुणाकडून तरी मिळेल. डोक्याच्या मापाचं हेल्मेट मिळणं अवघड.

६. गाडी: भाड्याने घेताना काय विचारायचं

निसान सिल्व्हिया एस१५ या गाडीचंच उदाहरण घ्या. १९९९ ते २००२ एवढीच बनली, भारतात कधी विकलीच गेली नाही, आणि आपल्या आयात नियमांनुसार वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर सर्वसाधारणपणे आणता येत नाही. टोयोटाच्या जेझेडएक्स १०० आणि निसानच्या १८० एसएक्सचीही हीच कथा. म्हणजे जगभरचे ड्रायव्हर ज्या गाड्यांवर शिकले, त्या आपल्याला परदेशातच चालवता येणार. भाड्याच्या बाजूने माझं पहिलं कारण हेच.

भाड्याने देणारे दोन प्रकारचे. एक ड्रिफ्टिंग शाळा, ज्यांच्या गाड्या कमी ताकदीच्या पण दणकट असतात. दुसरे खुद्द स्पर्धेत उतरणारे संघ, जे जादा गाडी मेकॅनिकसकट देतात. सराव मेळाव्यासाठी पहिला बरा, स्पर्धेसाठी दुसरा. करार करण्याआधी हे विचारा:

- इंजिन कोणतं, ताकद किती आणि शेवटचं कधी उघडलं होतं?
- पुढची चाकं किती अंश वळतात? मूळ सस्पेन्शनवर कोन कमी मिळतो, सुधारित आर्म आणि स्टीअरिंग नकल (चाक वळवणारा सांधा) असतील तर चाकं ६० अंशांपर्यंत किंवा त्याहून जास्त वळतात.
- हँडब्रेक हायड्रॉलिक आहे का, आणि काठी उभी आहे की आडवी?
- डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) वेल्ड केलेलं आहे की टू-वे लिमिटेड स्लिप?
- सीट सरकते का? उंच माणसाच्या मापाने पक्की बसवलेली सीट असेल तर बुटक्या माणसाचा पाय क्लचच्या तळाला पोचत नाही.
- सीटवरच्या आणि बेल्टवरच्या लेबलची मुदत स्पर्धेच्या तारखेला संपलेली नाही ना? फोटो मागवा.

शेवटचा प्रश्न विचारताना कधीच संकोच करू नका. बेल्टच्या शिवणीजवळ छोटं कापडी लेबल असतं, त्यावर कोणत्या वर्षानंतर तो चालणार नाही ते छापलेलं असतं. तपासनीस गाडीत वाकून आधी तेच उलटून पाहतो. बाकी गाडी नवी कोरी असली तरी बेल्टची मुदत संपली असेल तर ती ट्रॅकवर जात नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी परक्या गावात नवा सहा-बिंदू बेल्ट कुठून आणणार?

आता कराराबद्दल. नुकसानभरपाईचं कलम दोनदा वाचा. बंपर आणि फेंडर मोडणं हे रोजचंच असतं, त्याचे दर ठरवून घ्या. खरा खड्डा इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये असतो. चुकीचा खालचा गिअर पडून इंजिनचे फेरे मर्यादेबाहेर गेले तर ते ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, नोंदलं जातं, आणि बऱ्याच करारांत अशा वेळी इंजिनचा पूर्ण खर्च ड्रायव्हरवर असतो. कमाल भरपाई किती, हा आकडा करारात हवाच. तो लिहून द्यायला जो तयार नाही, त्याची गाडी घेऊ नका. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, खालून आणि इंजिन सुरू असताना व्हिडिओ काढा.

टायर भाड्यात धरलेले नसतात. ताकदीच्या गाडीवर मागची जोडी दोन-तीन रनमध्ये (एक रन म्हणजे ठरलेल्या वळणांतून एकदा जाणं) संपू शकते. स्पर्धेच्या मंजूर यादीतलेच, योग्य मापाचे टायर आधी आगाऊ नोंदवून ट्रॅकवर पोचवायला सांगा. रिमचे जादा संच आहेत का तेही विचारा; एकाच जोडीवर टायर बदलत बसलात तर सरावाचा अर्धा वेळ रांगेत जातो.

ज्यांना आपलीच गाडी न्यायची आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. तात्पुरत्या निर्यातीसाठी एटीए कार्नेट लागतं, भारतात ते फिक्की देते आणि त्यासाठी हमी द्यावी लागते. ते एक वर्षापर्यंत चालतं. न्हावा शेवातून निघताना, तिथे उतरताना, तिथून परत निघताना आणि इथे परत येताना, प्रत्येक वेळी शिक्का हवा. परतीचा शिक्का राहिला तर त्या देशाचं आयातशुल्क तुमच्या मागे लागतं. गाडीबरोबर पाठवलेल्या प्रत्येक जादा पार्टची नोंद यादीत करा. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा छाप हवा. टाकीत पेट्रोल ठेवू नका. एवढं करूनही कंटेनरला आठवडे लागतात आणि बंदरात अडकला तर स्पर्धा निघून जाते.

७. व्हिसा, विमा, पैसे

आयोजकांकडून तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा असलेलं निमंत्रणपत्र घ्या. पर्यटक व्हिसावर स्पर्धा चालते का हे वकिलातीलाच विचारा; बक्षिसाची रक्कम किंवा प्रायोजक असेल तर वेगळा प्रकार लागू शकतो. युरोपच्या मालिकेत एक हमखास खड्डा आहे: लॅटव्हिया आणि पोलंड शेंगेनमध्ये येतात, आयर्लंड येत नाही. शेंगेन व्हिसावर माँडेलो पार्कला जाता येणार नाही.

प्रवासी विम्यात मोटर स्पोर्ट बहुधा वगळलेलं असतं. छोट्या अक्षरांतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा आणि स्पर्धेसह सरावही धरणारं वेगळं कव्हर घ्या. विमा एजंट फोनवर "सगळं कव्हर आहे" म्हणाला तर ते वाक्य त्याच्याकडून ईमेलवर मागा.

पैशांचं: भाडं, अनामत, प्रवेश शुल्क आणि टायर यांची रक्कम बँकेतून परदेशी पाठवायला वेळ लागतो, पावत्या लागतात. गाडीच्या अनामतीसाठी क्रेडिट कार्डाची मर्यादा आधीच वाढवून ठेवा.

बरोबर न्यायचे कागद, मूळ आणि दोन-दोन प्रती:

- पासपोर्ट, व्हिसा, निमंत्रणपत्र
- स्पर्धा लायसन्स आणि एनओसी
- फिटनेस प्रमाणपत्र, चष्म्याचा नंबर, चालू औषधांची चिठ्ठी
- विम्याची पॉलिसी आणि चोवीस तास चालणारा फोन नंबर
- गाडीचा करार, अनामतीची पावती
- आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. ट्रॅकवर नाही लागणार, पण टायर आणायला व्हॅन चालवावी लागते

औषधांबद्दल जोडून सांगतो. उत्तेजक पदार्थांची चाचणी या खेळातही होऊ शकते. सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळ्यांतही मनाई असलेलं द्रव्य असू शकतं. निघण्याआधी डॉक्टरांना यादी दाखवा.

८. सोबत कोण

मेकॅनिक संघाचा मिळेल. स्पॉटर मात्र तुमचा हवा. स्पॉटर म्हणजे ट्रॅक पूर्ण दिसेल अशा जागी उभा राहून रेडिओवर बोलणारा माणूस. धुरात तुम्हाला पुढचं काही दिसत नाही. प्रतिस्पर्धी कुठे ब्रेक मारतो, कुठल्या झोनमध्ये (ट्रॅकवर आखलेला, चाकाने भरायचा पट्टा) तुम्ही हातभर कमी पडलात, परीक्षक मागच्या जोडीला काय म्हणाले, हे तोच सांगतो. मराठीत बोलणारा मित्र असेल तर फार बरं. "बाहेर", "आत", "गॅस", "थांब" असे ठरलेले एकेक शब्द वापरा. रन चालू असताना वाक्य नको. रेडिओची फ्रिक्वेन्सी तिथल्या नियमाप्रमाणे असायला हवी, म्हणून सेट आयोजकांकडून किंवा संघाकडून घ्या.

९. ट्रॅकवर पोचल्यावर

आधी गाडीची आणि सामानाची तपासणी, मग ड्रायव्हरांची बैठक. ती चुकवली तर दंड किंवा थेट बाद. पण हजेरी लावून मोबाइल पाहत बसणाऱ्यांचंही तेवढंच नुकसान होतं. परीक्षक त्या दिवशी नेमकं काय हवं ते तिथे बोलून दाखवतात: गाडी कुठून आडवी टाकायची, बाहेरच्या कोणत्या झोनमध्ये मागचं चाक भरायचं, आतल्या कोणत्या खुणेला पुढचा बंपर घासून जायचा, कुठे वेग उतरवायला परवानगी आहे. ट्रॅकचा नकाशा वहीत काढा, त्यावर त्यांचे शब्द लिहा. न कळलं तर हात वर करून विचारा. जपानमध्ये बैठक जपानीत असते, त्यामुळे दुभाषा आधीच ठरवून ठेवा.

नंतर ट्रॅक पायी चाला. डांबराचा रंग कुठे बदलतो, भिंतीलगत खडी कुठे साचली आहे, पाण्याचा उतार कुठे आहे, हे गाडीतून दिसत नाही. सरावाच्या पहिल्या रन अर्ध्या वेगाने. गाडी अनोळखी आहे. तिचा हँडब्रेक किती ओढल्यावर चाक धरतो आणि क्लच कुठे पकडतो एवढंच आधी शोधा. टायरमधली हवा प्रत्येक रननंतर मोजून लिहा, गरम आणि गार दोन्ही.

१०. क्वालिफाइंग

पहिली परदेशी स्पर्धा असलेल्यांचा निकाल बहुतेक इथेच लागतो. बऱ्याच ठिकाणी एकट्याने चालवायच्या दोन रन मिळतात, त्यांतली चांगली धरतात आणि त्यावरून बॅटलसाठी निवड होते. पहिली रन अशी करा की गुण नक्की मिळतील: सगळे झोन भरलेले, कोन मध्यम, कुठेही सरळ न होता पूर्ण. दुसरीत मग काय ते धाडस. गाडी गोल फिरली, उलट दिशेला गेली, चारही चाकं ट्रॅकबाहेर गेली तर शून्य. रन चालू असताना बॉनेट किंवा दार उघडलं तरी शून्य होऊ शकतं. भाड्याच्या गाडीच्या बॉनेटच्या पिना स्वतः दाबून पाहा.

प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने भुलून नवा ड्रायव्हर सुरुवातीलाच गाडी प्रचंड कोनात टाकतो. कोन जास्त म्हणजे वेग लवकर मरतो, आणि मग बाहेरच्या झोनपर्यंत गाडी पोचतच नाही. कोनात मिळालेले दोन गुण रेषेत चार गुणांनी परत जातात. रेषा आधी भरा.

११. बॅटल

क्वालिफाय झालेले ३२ किंवा १६ जण जोड्यांनी लढतात. प्रत्येक जोडीच्या दोन रन: एकदा तुम्ही पुढे, एकदा मागे. वरच्या क्रमांकाने क्वालिफाय झालेला बहुधा आधी पुढे जातो. बरोबरी वाटली तर परीक्षक पुन्हा लढायला सांगतात. त्याला सगळीकडे वन मोर टाइम म्हणतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या रनसाठी टायर चढवून तयार ठेवा.

पुढे असताना क्वालिफाइंगसारखीच रन करायची. मागच्याला चुकवायला झोनमध्येच अचानक वेग कमी केला आणि तो येऊन धडकला, तर दोष तुमचाच धरला जाऊ शकतो. मागे असताना काम अवघड. पुढच्याचा कोन आणि रेषा जशीच्या तशी धरून त्याच्या दारापाशी राहायचं. मागचा बंपर बघत बसलात तर नेहमी उशीर होतो. नजर त्याच्या पुढच्या चाकांवर ठेवा. चाकं फिरली की पुढच्या क्षणी गाडी फिरणार आहे. त्याच्या आधी गाडी टाकू नका, किंचित मागून टाका आणि वळणात अंतर भरून काढा. जवळ जाऊन सरळ झालेल्यापेक्षा थोड्या अंतराने पूर्ण कोनात राहिलेला परीक्षकांना आवडतो. धडक दिली आणि पुढच्याची रेषा मोडली, तर रन तिथेच गेली.

अनोळखी ड्रायव्हरबरोबर भिंतीलगत पहिल्यांदा बॅटल करण्याआधी सरावात त्याच्याच मागे दोन-चार रन मागून घ्या. लोक आनंदाने तयार होतात. या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे: ज्याच्याशी दुपारी लढायचं, तोच सकाळी तुमच्या गाडीखाली पाना घेऊन झोपलेला असतो. २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षं फॉर्म्युला ड्रिफ्ट जिंकणारा आयर्लंडचा जेम्स डीन आणि पोलंडचा पिओत्र विएत्सेक हे एकाच संघातून एस१५ घेऊन अमेरिकेत गेले होते. एकट्याने परदेशात टिकणं कठीण. आपल्याकडच्या दोघांनी मिळून गाडी, टायर आणि मेकॅनिक वाटून घेतले तर खर्चही आवाक्यात येतो.

१२. संपल्यावर

गाडी परत देताना सुरुवातीचा व्हिडिओ समोर ठेवून मालकासोबत नुकसान मोजा आणि ट्रॅक सोडण्याआधी लेखी हिशेब संपवा. घरी आल्यावर ईमेलवर चालणारे वाद महिनोन् महिने चालतात. परीक्षकांकडे जाऊन तुमच्या रनबद्दल विचारा. ते सहसा मोकळेपणाने सांगतात. अधिकृत निकालपत्राची प्रत आयोजकांच्या सहीने घ्या. पुढच्या वर्षीचा अर्ज, वरच्या वर्गाचं लायसन्स आणि प्रायोजकाशी बोलणं, तिन्हींना तोच कागद लागतो.